बापू, ती काडी मोडली होती का?

बापू, एवढ्या उशिरा लिहायला बसलो म्हणून रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं, रडण्यासारखंच होतं. नंतर शेत, लेकरं, माझं पित्त, यात वर्षं कुठे गेली ते कळलं नाही. आता लिहितोय त्याला कारण आहे. एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती सांगू शकेल असं माणूस तुमच्याशिवाय उरलेलं नाही. तुम्ही तांड्याचे नायक; तुमच्या हाताखालचे कारभारी गेले, तुमच्यासोबत बसणारे पंचही एकामागून एक गेले. आपण घरात आपली बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचो, पण लिहायला मला मराठीच येते, तीही चौथीपर्यंतच्या शाळेतली. त्यामुळे तुमचे शब्दही इथे मराठीतच येतील. ओळखून घ्या.

आधी बातमी सांगतो. तुमची नात वकील झाली. तीच, जी दुपारी तुमच्या बाजेखाली शेळीच्या पिल्लाला कुशीत घेऊन झोपायची आणि तांड्याची बैठक बसली की उठून ऐकत राहायची. तुम्ही तिला कधी हाकलून लावलं नाही. मला मात्र लावायचात. मी चांगला मिसरूड फुटलेला होतो तेव्हाची गोष्ट. एक नवरा पंचांसमोर सांगत होता की बायको त्याच्या ताटात मुद्दाम जळकी भाकर टाकते, आणि मला हसू फुटलं. तुम्ही बाजेवरून न उठता म्हणालात, "ज्याचं घर मोडून राहिलं त्याच्या म्होरं दात काढतो? जा, बैलांना पाणी दाखव." मी गेलो. अजूनही कुणी आपल्या संसाराचं गाऱ्हाणं सांगायला लागलं की मी आधी तोंड मिटून घेतो.

पोरीनं डीएड करावं असं मला वाटत होतं. आश्रमशाळेवर मास्तरीण झाली असती, दुपारी घरी आली असती, मी निवांत झोपलो असतो. ती हिंगोलीला बीएच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा एकदा सुट्टीत आली आणि चुलीपुढे बसून म्हणाली की नांदेडला जाऊन वकिलीचं शिकणार.

"वकील हून काय करशील? चोर सोडवशील?"

"बाबा, आजोबा बैठकीला बसायचे तवा त्यांच्या म्होरं चोर किती आले?"

मी आठवून पाहिलं. फार नव्हते. एकदा ज्वारीची कणसं, एकदा कुणाची तरी शेळी. बाकी सगळे नवराबायको, सासू-सुना, दिलेली पोरगी परत आलेली, परत आलेली पोरगी न्यायला आलेले.

"मंग मी तेच करणार," ती म्हणाली. "फक्त खुर्चीवर बसून."

तिची आई म्हणाली, "खुर्चीवर बस न्हाईतर घोड्यावर बस, आधी तवा उतरव, भाकर करपून राहिली."

ती शिकून आली तेव्हा आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला होता. हिंगोलीत नवी नवी हाफिसं, नवे बोर्ड. ती एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली लागली. ते शेतीच्या वाटण्या, बांध, रस्ते असल्या केसेस लढायचे. नवराबायकोच्या फायली त्यांना नकोशा वाटायच्या. ते म्हणायचे, "ह्या केसमध्ये निकाल लागला तरी कोणी पेढे आणत नाही. रडणाऱ्या बायका सगळ्या तुझ्याकडं." त्यांनी थट्टेत दिल्या आणि हिनं ठेवून घेतल्या. अशी ती त्या कामात पडली. मला वाटलं होतं वकील आपलं काम निवडतात. तसं दिसत नाही. कुणी टाकून दिलेलं उचलतात आणि मग तेच त्यांचं होऊन जातं.

मी काळजीपोटी तिच्यासोबत जायला लागलो. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मी पुसेगावहून सकाळची एसटी धरून फक्त तिच्यावर नजर ठेवायला जायचो. कुणा नवऱ्यानं रस्त्यात अडवलं तर? दगड मारला तर? मी कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसायचो आणि मे महिन्यात काळ्या कोटात तिला घाम येतो का तेही बघायचो. मग हळूहळू काळजी मागे पडली आणि मी नुसताच बघायला लागलो. बापू, हे काम मोठं मजेशीर आहे. मजेशीर म्हणजे हसण्यासारखं नाही, ते तुम्ही मला शिकवलंय. पण डोकं त्यात अडकून बसतं.

मोठ्या शहरात म्हणे यासाठी वेगळं कोर्ट असतं. आपल्याकडे एकाच खोलीत आधी मोटरसायकल चोरीचा आरोपी उभा राहतो आणि तो उतरला की त्याच कठड्यात कुणाची तरी बायको चढते. पोरगी तिच्या खोलीवर बाई आली की पहिल्यांदा सोबतच्यांना बाहेर काढते. भाऊ असो, बाप असो, "तुमी चहा घेऊन या" म्हणते. मग बाईला म्हणते, "भांडणाचं नंतर सांगा. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा." बाई पाणी भरण्यापासून सुरू करते, आणि सांगता सांगता कुठेतरी थांबते. ती जिथे थांबते तिथे ही लिहायला लागते. मग लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, लेकरांच्या शाळेचे दाखले मागते. अर्ज करते, नोटीस काढते. बेलीफ नोटीस घेऊन जातो आणि नवरा घरी सापडला नाही म्हणून परत येतो. नवरा त्या वेळी पारावर पत्ते खेळत असतो हे सगळ्या गावाला माहीत असतं. मग तारीख. मग पुन्हा तारीख. तुमच्या बैठकीत एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उठायचे सगळे. इथे एवढा वेळ का लागतो, मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजोबांना दोन्ही घरं आधीपासून माहीत होती. जजसाहेबांना कुणीच माहीत न्हाई. त्यांना सगळं कागदावरून माहीत करून द्यावं लागतं."

एकदा मी विचारलं, "तू बायांना सासरी जा म्हणतीस का नको जाऊ म्हणतीस?"

"दोन्ही न्हाई म्हणत."

"मंग करतीस काय?"

"गेली तर काय होईल, न्हाई गेली तर काय होईल, ते सांगते. ठरवते ती."

एका जोडप्याचा दोघांच्या राजीखुशीनं घटस्फोट झाला. मी त्यांच्यामागेच बसस्टँडवर गेलो. वसमतची गाडी लागली, ही गर्दी. बाईनं धावत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि मागे वळून ओरडली, "ओ, या लवकर, जागा धरली." मग तिच्याच लक्षात आलं. तो माणूसही मध्येच थांबला. शेवटी दोघं त्याच सीटवर बसून गेले, मध्ये पिशवी ठेवून. मी हे पोरीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "कागद एका दिवसात होतो बाबा, सवय न्हाई मोडत." तुम्ही असता तर काय म्हणाला असता, याचा मी खूप विचार केला.

आता मूळ गोष्टीवर येतो.

तुम्हाला ती पोरगी आठवत असेल, तळ्याकडच्या तांड्यावरून आपल्याकडे दिलेली, उंच, फार न बोलणारी. तिचा नवरा वाईट नव्हता, पण दोघांचं जमलंच नाही. तिचा बाप बैलगाडी घेऊन आला, बैठक बसली. सकाळभर दोन्हीकडची माणसं ओरडत राहिली आणि तुम्ही खाली बघत मातीत रेघा ओढत बसलात. ओरडून ओरडून दमले की मग तुम्ही बोलायचात, ही तुमची पद्धत. त्या दिवशी तुम्ही त्या पोरीला विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं आणि थोड्या वेळानं स्वतः तिकडे गेलात. परत आलात ते निकाल ठरवूनच. आपल्यात काडी मोडून पंच बाईला मोकळं करतात. काडी मोडली, तुटलं, आता हिनं दुसरं घर करायला हरकत नाही. सगळ्यांनी गूळ खाल्ला. काही महिन्यांनी तिचं दुसरं लग्न जवळा बाजारकडच्या एका तांड्यावर झालं. तुम्ही स्वतः मांडवात नायकाचा मान घेऊन बसला होतात. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

त्या बाईनं त्या घरात आपली सगळी उमेद घातली. तीन लेकरं झाली, हळदीचं शेत उभं केलं, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. आणि आता त्या माणसानं दुसरी आणून हिला घराबाहेर काढलं. भावाच्या दारात राहते. कुणीतरी सांगितलं की नायकाची नात वकील आहे, म्हणून ती आपल्या पोरीकडे आली. पोरीनं पोटगीचा अर्ज केला. त्याच्यावर नवऱ्यानं कोर्टात काय उत्तर दिलं असेल? म्हणाला, ही माझी बायकोच नाही. हिचं पहिलं लग्न कधी मोडलंच नव्हतं, कोर्टाचा कागद दाखवा. पहिला नवरा ऊसतोडीला गेला तो कुठे आहे याचा कुणाला पत्ता नाही.

पोरीनं मला समजावलं. पहिल्या नवऱ्यापासून सुटका झाली नसेल तर दुसरं लग्न हे लग्नच नाही, आणि लग्नच नाही तर पोटगी नाही. पण ज्या समाजात पंचांसमोर काडीमोड द्यायची जुनी रीत आहे तिथे कोर्ट ती रीत मानतं. फक्त अशी रीत आहे हे दाखवावं लागतं, आणि त्या दिवशी ती पाळली गेली हेही. बापू, आपल्याला कुणाला वाटलं होतं का की नायकाच्या शब्दाला एक दिवस साक्षीदार लागेल? आपण कागद केला नाही, कारण कागद करणं म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही असं झालं असतं.

साक्षीदार कोण? मीच उरलो होतो. पोरीला ते नको होतं. म्हणाली, "समोरचा वकील हसंल, म्हणंल बापालाच उभं केलं." मलाही नको होतं. तुमच्यामागे नायकी माझ्याकडे येत होती, तीही मी घाबरून चुलतभावाला दिली, हे तुम्हाला वरून दिसलंच असेल. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसतो. त्यात शपथ घ्यायची. मी तिला विचारलं, चुकून चूक बोललो तर जेलात टाकतात का? ती म्हणाली, "बघितलं ते बघितलं म्हणा. न्हाई बघितलं ते न्हाई म्हणा. बस."

आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. काडी मोडताना मी नव्हतो. तुम्ही विहिरीवरून आलात, बसलात, आणि तेवढ्यात तिच्या बापाचे बैल दावं तोडून आपल्या कपाशीत शिरले. तुम्ही मला नुसती मान हलवून दाखवली. मी धावलो. बैल हाकलून परत आलो तर लोक गूळ खात होते आणि ती पोरगी उभी होती. मी त्या बाईला विचारलं, तू तर समोरच होतीस. ती म्हणाली, "म्या डोक्यावरून पदर घेऊन खाली बघत व्हते. नायक म्हणले, मोकळी. म्या उठले. काडीचं म्या न्हाई बघितलं."

साक्षीच्या दिवशी मी नवी टोपी घातली. समोरचा वकील तरुण, गोड बोलणारा.

"आजोबा, अर्जदाराच्या वकीलबाई तुमच्या कोण?"

"लेक."

"म्हणजे लेकीची केस जिंकून द्यायला आलात."

"मला तर ती वकील व्हायलाच नको होती," मी म्हणालो. खोलीतले सगळे हसले. साहेबही थोडे हसले. मी विनोद केला नव्हता.

"काडी मोडताना तुम्ही पाहिली?"

मी पोरीकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती. त्या बाईकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

"न्हाई."

"मोठ्यानं सांगा."

"न्हाई बघितली. बैल सुटले व्हते."

त्याचा चेहरा उजळला. तो तिथे थांबला असता तर बरं झालं असतं, त्याच्यासाठी. पण त्याला राहवलं नाही. "म्हणजे काडीमोड झालाच नाही. त्या पहिल्या नवऱ्याला बिचाऱ्याला हे दुसरं लग्न झालेलं माहीत तरी होतं का?"

"माहीत? त्याला लापशी म्या वाढली."

"कुठे?"

"हिच्या दुसऱ्या लग्नात. पंगतीत बसला व्हता. दोनदा घेतली."

बापू, मला हे त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं. तो मधल्या रांगेत बसला होता, मी बादली घेऊन आलो तेव्हा वर बघून म्हणाला होता, "तूप घाल की रं, कंजूस." वकील गडबडला. म्हणाला, "भूक लागली असेल. भुकेला माणूस कुठेही जेवतो."

मला राग आला. मला राग फार येत नाही, भीतीच जास्त येते, पण तेव्हा आला. मी म्हणालो, "साहेब, तांड्यात ज्याची बायको सुटली न्हाई, तो तिच्या दुसऱ्या लग्नात भूक लागली म्हणून जेवत न्हाई. तो कुऱ्हाड घेऊन येतो. अन् आमचे बापू नायक व्हते. न सुटलेल्या बाईच्या लग्नात ते मान घेऊन बसले नसते." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि टाइप करणाऱ्याला सांगितलं, जसं बोलले तसंच घ्या.

मी कठड्यातून खाली उतरलो. पोरीनं मला काही शाबासकी दिली नाही. पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "आता जेवा." नंतर वऱ्हांड्यात तिच्या मोठ्या वकिलांना सांगताना मी ऐकलं. रीत पाळली गेली हे काडीनंच नाही तर माणसांच्या वागण्यावरूनही दाखवता येतं, असं ती म्हणत होती. साहेब मानतील का ते सांगता येत नाही, असंही म्हणाली. निकाल पुढच्या तारखेला आहे.

इथपर्यंतचं सगळं पोरीला माहीत आहे. पुढचं नाही.

पोरीला दुसरी केस होती, म्हणून मी त्या बाईला घेऊन बसस्टँडवर गेलो. तिच्या भावाच्या तांड्याकडची गाडी यायची होती. ती बाकावर बसली नाही, खाली फरशीवर बसली. मी कोर्टात "न्हाई" म्हणालो ते तिनं ऐकलं होतं. मला वाटलं ती पोटगीचं विचारेल. तिनं ते विचारलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "नायकांनी काडी मोडली व्हती का? खरं सांगा. म्या सुटले व्हते का न्हाई? का ही सारी वर्षं म्या तशीच राहिले त्या घरात, अन् माझी लेकरंबी तशीच?"

बापू, तिला रात्रंदिवस हेच खात असणार. कोर्टाला रीत हवी होती, तिला ती काडी हवी होती. मी तिला तिच्या लग्नाचं, लापशीचं पुन्हा सांगितलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मला ते जमलं नाही.

"व्हय," मी म्हणालो. "मोडली. दोन तुकडे केले अन् मागं टाकले. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"मंग कोर्टात न्हाई म्हणले?"

"घाबरलो," मी म्हणालो. ते ऐकून तिला पटलं. मला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

ती उठली, पदर झटकला, म्हणाली, "मंग बराबर हाय." समोरच्या गाड्यावरून भजी घेतली, मलाही दिली, आणि गाडी आल्यावर चढून गेली.

हे पत्र कुठे टाकणार, आणि तुम्हाला वाचून कोण दाखवणार? पोरीला दाखवता येत नाही. शपथेवर खरं बोललो म्हणून तिनं आईला दोनदा सांगितलंय, आणि तिच्याच अशिलाला मी बसस्टँडवर खोटं सांगून आलो. पण ते खोटंच आहे हेही मला माहीत नाही. कदाचित तुम्ही मोडलीही असेल, मी बैलांमागे असताना. कदाचित तुम्हाला त्याची गरजच वाटली नसेल, नुसतं मोकळी म्हटलं की झालं. तसं असेल तर ते तुम्हालाच शोभतं, पण मग माझं काय? म्हणून तेवढं कळवा बापू, कसंही कळवा, पण तारखेच्या आत कळवा. ती बाई त्या दिवशी कोर्टात येईल, आणि मला बघून हसेल.